माहेराहून परत निघालेय, तिकडे हिवाळ्याआधीची सगळी कामं तशीच पडलीत, आधी कशाला हात घालू?

पानगळ_दादर

नमस्कार मंडळी. सध्या दादरला आईबाबांकडे आहे, मंगळवारी रात्रीचं विमान, बुधवारी रात्री उशिरापर्यंत घरी पोचेन. घर म्हणजे कॅनडातलं सडबरी, टोरांटोहून गाडीने चारेक तास सरळ वर उत्तरेला. गणपतीसाठी तीन आठवडे म्हणून आले होते, पण विसर्जनाच्या दोन दिवस आधी बाबा बाथरूममध्ये पडले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि मग मी दोनदा तिकीट पुढे ढकललं. आता वॉकर घेऊन हॉलपर्यंत येतात, गॅलरीत बसून पेपर वाचतात. दिवाळी आठवड्यावर आलीय आणि मी निघतेय, त्याचं जे वाटतंय ते वाटतंयच, पण तिकडचं आता खरंच थांबणार नाही.

इकडे पाऊस गेला आणि ऑक्टोबर हीट अशी सुरू झालीय की दुपारी पंख्याखालीही घाम निथळतो, आणि तिकडे नवरा सांगतोय की पहाटे गवतावर पांढरं दिसायला लागलंय. घर जुनं आहे, १९६०च्या दशकातलं, बेसमेंट आहे, अंगणात दोन मोठी मेपल, एक बर्च आणि मागे एक सफरचंदाचं झाड. आधी आम्ही मिसिसागाला फ्लॅटमध्ये होतो तेव्हा यातलं काहीच करावं लागायचं नाही. गेल्या वर्षी शेजारचे आजोबा होते, ते दर शनिवारी येऊन आज हे करा उद्या ते करा सांगायचे, मी नुसती त्यांच्या मागे मागे करायचे. ते या उन्हाळ्यात मुलाकडे राहायला गेले. नवऱ्याच्या पाठीत गॅप आहे, शिडी चढायला आणि वजन उचलायला डॉक्टरांनी सक्त मनाई केलीय, शिवाय त्याच्या शिफ्ट बारा तासांच्या.

तर बाकी काय काय आहे ते जसं आठवतं तसं लिहिते: पानं सगळी अंगणात, पन्हळी भरलेल्या, बाहेरचा नळ चालू आणि त्याला बागेचा पाईप तसाच लावलेला, घर तापवणाऱ्या फर्नेसचा फिल्टर एप्रिलपासून बदललेला नाही, गाडीचे टायर उन्हाळ्याचे, लाकडाची शेगडी आहे तिची लाकडं ड्राइव्हवेवर ढीग करून टाकलीत ती रचायचीत, कढीपत्ता आणि तुळस अजून बाहेर डेकवर, सफरचंदं झाडाखाली सडतायत. मला सुट्टी उरलेली नाही, सोमवारपासून ऑफिस. म्हणजे हातात गुरुवार ते रविवार, त्यात जेट लॅग.

कशाचा क्रम आधी लावायचा, काय राहिलं तर चालतं आणि काय राहिलं तर महागात पडतं, हे ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा. आणि एक, आई म्हणतेय कढीपत्त्याचं छोटं रोप आणि पाच किलो आंबेमोहोर घेऊन जा. नेता येईल का?

ओटावाचा_बंड्या

ताई, आधी पाणी मग पानं. पानं अंगणात महिनाभर पडली तरी कुणाचं काही बिघडत नाही, नळ राहिला तर भिंत फोडावी लागते.

आमच्याकडे पहिल्याच वर्षी झालं. बाहेरचा नळ न गोठणारा आहे असं घर विकणाऱ्याने सांगितलं म्हणून आम्ही निर्धास्त, पाईप काढलाच नाही. त्या नळाचं असं असतं की त्याची बंद करायची जागा भिंतीच्या आत उबेत असते आणि नळ बंद केला की पुढच्या नळीतलं पाणी आपोआप बाहेर पडून जातं, पण पुढे पाईप लावलेला असेल तर ते पडणार कुठे, ते तिथेच राहतं आणि गोठतं, आणि पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, तांब्याची नळी उभी चिरली जाते. हिवाळाभर काही कळत नाही कारण नळ बंदच असतो. मे महिन्यात झाडांना पाणी घालायला सोडला तर बाहेर बारीक धार आणि बेसमेंटच्या भिंतीतून भसाभसा. गालिचा, भिंतीचं पॅनल, खोकी, सगळं गेलं.

तुमचं घर १९६०च्या दशकातलं म्हणजे नळ बहुतेक साधाच असेल, मग तर आतून बंद करावाच लागतो. बेसमेंटमध्ये त्याच भिंतीला छताजवळ एक व्हॉल्व्ह असेल तो बंद करायचा, मग बाहेर जाऊन पाईप काढायचा आणि नळ पूर्ण उघडायचा, मग परत आत येऊन व्हॉल्व्हच्या अंगावर पितळेचं बारीक टोपण असतं ते सैल करून खाली बादली धरायची, उरलेलं पाणी निघून जातं. बाहेरचा नळ हिवाळाभर उघडाच ठेवायचा. याला शिडी नको, वजन नको, वीस मिनिटांचं काम आहे. सोमवारी थँक्सगिव्हिंगची सुट्टी आहे, नवऱ्याला व्हिडिओ कॉलवर घ्या आणि करून टाका, तुम्ही पोचायची वाट बघू नका. उणे एक-दोनला लगेच फुटतं असं नाही, पण एखादी रात्र सलग उणे सहा-सातला गेली की धोका, आणि तुमच्याकडे अशी रात्र कधी येईल सांगता येत नाही.

दुसरं फर्नेस. फिल्टर नवा घाला आणि गरज नसली तरी एकदा लावून बघा, कारण बिघाड असेल तर तो ऑक्टोबरात कळलेला बरा, नोव्हेंबरात मेकॅनिक मिळायला आठवडा जातो. घराबाहेर फर्नेसच्या दोन पांढऱ्या नळ्या आल्या असतील तर त्यांच्या तोंडाशी पानं साचली नाहीत ना बघा. कार्बन मोनॉक्साइड या बिनवासाच्या विषारी वायूचा अलार्म बटण दाबून बघा आणि मागे एक्सपायरीची तारीख असते तीही बघा, बरेच जण बॅटरी बदलतात पण तारीख बघत नाहीत. ओंटारिओत झोपायच्या खोल्यांजवळ तो कायद्यानेच लागतो, आणि तुमच्याकडे तर लाकडाची शेगडी पण आहे.

टायरची अपॉइंटमेंट आजच दादरहून फोन करून घ्या. ७ अंशांच्या खाली उन्हाळी टायरचं रबर कडक होतं आणि पकड जाते, बर्फ पडायची वाट बघायची नसते. शेजारी क्विबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च कायद्याने सक्ती आहे, आपल्याकडे नाही, म्हणून लोक पहिला बर्फ पडला की एकदम धावतात आणि दोन-दोन आठवडे नंबर लागत नाही.

वसईचा_मी

मी कधी बर्फ पाहिलेला नाही, पण हे वाचून एकदम आमची आगोट आठवली. मे महिन्याच्या शेवटी आमच्याकडे घरोघर हेच चालायचं, कौलं चाळा, पन्हळी साफ करा, लाकूडफाटा पडवीत आणा, सुकी मासळी, मीठ, मसाला भरून ठेवा, पडवीला झावळ्या बांधा. माझी आजी ७ जूनच्या आत सगळं संपलंच पाहिजे म्हणून सगळ्यांना पळवायची. तुमच्याकडे ती ऑक्टोबरात येते एवढाच फरक.

एक विचारायचं होतं, पावसाळ्यात पन्हळ तुंबली तर पाणी भिंतीत उतरतं हे कळतं, पण बर्फ तर घट्ट असतो, तो थोडाच वाहतो? मग पन्हळी साफ करायची एवढी घाई का? आणि तो पातेरा जाळत का नाही, आमच्याकडे भाजावळीला तरी वापरतात.

ओटावाचा_बंड्या

चांगला प्रश्न आहे. घरातली ऊब माळ्यावरून छताला लागते, छतावरचा बर्फ खालून वितळतो, ते पाणी उतरत कडेपर्यंत येतं आणि कडेला खाली ऊब नसते म्हणून तिथे पुन्हा गोठतं. असा हळूहळू बर्फाचा बांध तयार होतो, त्याच्यामागे पाणी तुंबतं आणि छपराच्या पट्ट्यांखालून उलटं वर चढून घरात झिरपतं. मूळ कारण माळ्यावरचं इन्सुलेशन कमी असणं, ते पन्हळ साफ करून जात नाही. पण पन्हळ पानांनी भरलेली असली की पाण्याला जायला वाटच राहत नाही, आणि गोठलेल्या पानांच्या वजनाने पन्हळ भिंतीपासून सुटून येते. मार्चमध्ये बर्फ वितळताना पाणी पायाशी पडून बेसमेंटमध्ये शिरतं ते वेगळंच.

फक्त पन्हळीची घाई झाडं पूर्ण मोकळी होईपर्यंत करू नका, नाहीतर दोनदा करावं लागतं. आणि ताई तुम्ही एकट्या शिडीवर चढू नका. कुणीतरी पैसे देऊन बोलवा. घरात एक माणूस पडून अंथरुणावर आहे तेवढं पुरे आहे.

मेथीचा_लाडू

विनिपेगहून लिहितेय, माझं खातं झाडांचं.

रोप अजिबात आणू नका ताई, परमिट आणि तिकडचं झाडांच्या आरोग्याचं सर्टिफिकेट लागतं, मातीसकट तर प्रश्नच नाही. आणि आंबेमोहोरही ठेवून या. २०२१ पासून कॅनडाने खपरा नावाच्या किडीमुळे भारतासारख्या देशांतून प्रवाशांच्या बॅगेतून तांदूळ, हरभरे वगैरे आणायला बंदी केलीय. माझ्या मावशीचे तांदूळ एअरपोर्टवर काढून घेतले, बिचारी रडायला आली होती कारण ते गावच्या शेतातले होते. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी असं भाजून दळलेलं मी दरवेळी आणते, फॉर्मवर सगळं लिहायचं, लपवायचं काही नाही.

तुमच्याकडचा कढीपत्ता आज रात्रीच आत घ्यायला सांगा, उद्या नाही. दहा अंशांच्या खाली तो रुसतो, पानं पिवळी पडून गळतात, आणि एकदा दव गोठलं की कोवळे शेंडे काळे. आत घेण्याआधी पानांच्या खालची बाजू बघायची, चिकट लागलं किंवा बारीक जाळी दिसली तर भांड्याच्या साबणाचे दोन थेंब पाण्यात घालून पुसून घ्यायचं, नाहीतर एका झाडाबरोबर सगळ्या घरात कीड. दक्षिणेच्या खिडकीत ठेवा आणि पाणी अगदी कमी, हिवाळ्यात तो वाढत नाही, पाणी जास्त झालं की मुळं कुजतात. सगळी पानं गळली तरी टाकू नका, माझा दोनदा नुसती काठी झाला होता आणि एप्रिलात फुटला. तुळशीचं मात्र खरं नसतं, तिच्या मंजिऱ्या आत्ताच सुकवून ठेवा, वसंतात नवी पेरायची.

आणि पानं पिशव्यांत भरून देऊ नका सगळी! निम्मी तरी ठेवा. गवतावरच्या पातळ थरावरून मशीन फिरवलं की चुरा होऊन जमिनीत जातो, उरलेली वाफ्यांवर. जाड थर मात्र गवतावर ठेवायचा नाही, बर्फाखाली ते गुदमरून कुजतं. वसईच्या दादांना उत्तर, गावात जाळायला बहुतेक ठिकाणी परवानगी नसते, आणि जाळण्यापेक्षा मातीला देणं चांगलंच की. सडबरीत तर मला पान न पान मोलाचं वाटतं, कारण तिथल्या खाणींच्या आणि भट्ट्यांच्या धुराने एके काळी मैलोन् मैल डोंगर काळे उघडे पडले होते, १९७८पासून लोकांनी हाताने चुना टाकून टाकून तिथे झाडं लावली, आतापर्यंत एक कोटीच्या वर झाडं लागलीत. माती तिथे कष्टाने परत आलीय.

शक्य असेल तर रविवारी अर्धा तास काढून लसूण लावा. किराण्याचा नाही, तिकडच्या शेतकऱ्याकडचा, मधे कडक दांडा असणारा. पाकळी टोक वर करून दोन इंच खोल, वर पानांचा चांगला वीतभर थर. थंडी लागल्याशिवाय त्याचा गड्डा भरतच नाही, म्हणून हे ऑक्टोबरचंच काम आहे. जुलैच्या सुरुवातीला वर वेटोळे दांडे येतात ते कापून पीठ पेरून भाजी करा, आणि गड्डे ऑगस्टच्या आसपास.

सफरचंदं मात्र आधी उचला, लसणाच्याही आधी. अस्वलं झोपायला जाण्यापूर्वी दिवसभर खात सुटलेली असतात आणि पडलेल्या सफरचंदांचा वास त्यांना लांबून येतो. पक्ष्यांचं खाणंही आत घ्या.

मुलुंड_पूर्व

ताई, तिकडच्या घराबद्दल बाकीच्यांनी सांगितलंय, मी बाबांबद्दल लिहितो कारण माझ्या आईचं दोन वर्षांपूर्वी हेच ऑपरेशन झालं.

मंगळवारच्या आत एवढं करून जा. बाथरूममध्ये कमोडच्या बाजूला आणि आंघोळीच्या जागी भिंतीत पक्के दांडे, प्लंबरला सांगून ड्रिलने बसवलेले, चिकटवायचे नकोत. आंघोळीला प्लास्टिकचं स्टूल, त्याच्या पायांना रबर हवं. हॉलमधल्या सतरंज्या आणि पायपुसणी उचला, वॉकर त्यातच अडकतो. रात्री बेडपासून बाथरूमपर्यंत एक बारीक दिवा. आणि दिवसाची बाई ब्युरोतून लावणार असाल तर तुम्ही असतानाच दोन दिवस येऊ दे, आईला तिची आणि तिला घराची सवय होईल. फिजिओथेरपी मात्र सोडू देऊ नका, दुखतं म्हणून ही माणसं टाळतात आणि मग पाय कायमचा आखडतो.

तुम्ही निघताय त्याचं वाईट वाटून घेऊ नका असं मी म्हणणार नाही, वाटणारच. पण त्यांना कामात घ्या. माझी आई पडून होती तेव्हा मी ऑफिसातून फोन करून तिला रोज एक काहीतरी विचारायचो, गवारीला फोडणी कशाची, गॅसवाल्याचा नंबर कुठे लिहिलाय, तिला त्याने बरं वाटायचं.

सह्याद्री७२

लाकडांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. मी न्यू हॅम्पशायरला असतो, नऊ वर्षं शेगडीवर घर तापवतोय.

ढीग जमिनीवर रचू नका, खाली दोन लाकडी पॅलेट टाका. भिंतीला चिकटवूनही नको, मधे हात जाईल एवढी जागा, वारा फिरला पाहिजे. ताडपत्री फक्त माथ्यावर, सगळीकडून गुंडाळली की आत ओल कोंडते आणि बुरशी धरते. दोन ओंडके एकमेकांवर आपटून बघा, वाळलेले असले की टणक आवाज येतो, ओले असले की बद्द. लाकडात २० टक्क्यांच्या खाली ओल असेल तरच जाळा, मोजायचं छोटं यंत्र हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. ओलं लाकूड धुमसतं आणि धुराड्यात आतून डांबरासारखी काजळी धरते, तीच पेटते. धुराडं वर्षातून एकदा माणूस बोलावून साफ करून घ्याच, त्याआधी शेगडी लावू नका. तुमच्याकडे फर्नेस आहे, त्यामुळे हे नोव्हेंबरपर्यंत थांबलं तरी चालेल.

पाठदुखीवाल्याला रचायला लावू नका. कॉलेजची दोन पोरं दोन तासांत करतात.

पानगळ_दादर

सगळ्यांचे खूप खूप आभार. पोचून बारा दिवस झाले, आता कुठे बसून लिहितेय.

नळाचं सोमवारी झालं, आणि ते बाबांनी केलं. म्हणजे नवरा बेसमेंटमध्ये फोन घेऊन उभा, मी दादरला हॉलमध्ये, बाबा शेजारी वॉकर धरून बसलेले. व्हॉल्व्ह जाम होता, नवरा पान्याने जोर लावायला लागला तेवढ्यात बाबा एकदम मोठ्याने म्हणाले, थांबवा, जुना गेट व्हॉल्व्ह आहे तो, दांडा तुटेल, आधी थोडं तेल सोड आणि दहा मिनिटं थांब, मग थोडा उलटा फिरव मग सुलटा. बाबा १९८२च्या संपापर्यंत गिरणीत फिटर होते, त्यानंतर मी त्यांना असं कुणाला काम सांगताना बघितलंच नव्हतं. दहा मिनिटं सगळे गप्प बसून राहिलो. मग फिरला. बादलीत जेमतेम तांब्याभर पाणी पडलं, बाबा म्हणाले तेवढंच भिंत फोडायला पुरतं. ऑपरेशन झाल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदा दुसरी पोळी मागून घेतली त्यांनी.

मुलुंडच्या दादांनी लिहिलेले दांडे रविवारीच बसवून घेतले, सतरंज्या उचलल्या, दिवसाच्या कामाच्या मावशी मी असतानाच यायला लागल्या. तांदूळ आणि रोप आईकडेच ठेवलं, आई नाराज झाली पण विनिपेगच्या ताईंच्या मावशीच्या तांदळाची गोष्ट सांगितल्यावर तिनेच बॅगेतून काढले आणि त्या जागी मेतकूट भरलं.

इथे आल्यावर गुरुवारी पहाटे तीनलाच जाग आली तर फिल्टर बदलला आणि सफरचंदं उजाडल्यावर उचलली, पाच बादल्या निघाली, कुंपणाजवळचं गवत दबलेलं होतं आणि विष्ठा पण होती म्हणजे अस्वल येऊन गेलंच होतं. अलार्मची तारीख दोन वर्षांपूर्वीच संपलेली निघाली, नवा लावला, बंड्यादादा हे तुम्ही लिहिलं नसतं तर आम्ही बघितलंच नसतं. टायर शुक्रवारी बदलले. लाकडं समोरच्या घरातल्या दोन पोरांनी रचून दिली, यंत्राने बघितलं तर काही १७ आणि काही २६, ओली वेगळी काढून पुढच्या वर्षासाठी मागे ठेवली. धुराडंवाला नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात येतोय, तोवर शेगडी बंद. कढीपत्त्याची निम्मी पानं गेली, शेंडे वाचले. लसूण लावला, चाळीस पाकळ्या, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी, आणि वर पानांचा थर घातला, दाताळ्याने ओढताना दोन्ही तळव्यांना फोड आले.

पन्हळी राहिल्यात. बर्च मोकळी झाली पण एक मेपल अजून पानं सोडत नाहीये, त्यामुळे माणसाला पुढच्या शनिवारची वेळ दिलीय. काल रात्री पहिला बर्फ पडला, सकाळी नऊपर्यंत वितळला.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथलं घड्याळ एक तास मागे जाईल, मग मुंबईशी साडेनऊऐवजी साडेदहा तासांचा फरक होईल. बाबांनी ते कागदावर लिहून फोनजवळ चिकटवलंय, कारण ते रोज त्यांच्या सकाळच्या चहाच्या वेळी फोन करतात. आज विचारत होते की धुराडं साफ करणारा आतून ब्रश वरून घालतो की खालून, मला माहीत नव्हतं, तो आला की फोन लावून दाखवते म्हटलं. सह्याद्री दादा, त्याआधी तुम्हाला माहीत असेल तर सांगा.

सह्याद्री७२

दोन्हीकडून करतात. छप्पर कोरडं असलं तर वरून, बर्फ असला तर खालून शेगडीच्या दारातून, लवचिक दांड्याला दांडा जोडत जातात. खालून करणार असेल तर बाबांना नीट दिसेल, त्याला तसंच सांगा.